आईची चिठ्ठी आणि आमदाराचे मत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील स्त्रियांच्या मताधिकाराची हकीकत आपल्या पुरवणीत वाचली. टेनेसी राज्याचा तरुण आमदार हॅरी बर्न याने आईचे ऐकले आणि बायकांना मत मिळाले, एवढ्यावर ती आटोपली आहे. सगळीकडे ती अशीच सांगतात. त्यामुळे हॅरीही लहान होतो आणि त्याची आईही, म्हणून हे पत्र.

स्त्रियांना मत देणाऱ्या घटनादुरुस्तीला 48 पैकी 36 राज्यांची मंजुरी हवी होती आणि 35 मिळाल्या होत्या. 18 ऑगस्ट 1920 रोजी टेनेसीची राजधानी नॅशव्हिल इथल्या सभागृहात समर्थकांच्या कोटावर पिवळा गुलाब होता, विरोधकांच्या कोटावर लाल. चोवीस वर्षांच्या हॅरीने लाल लावला होता. विषय बासनात बांधायचा प्रस्ताव सभापती सेथ वॉकर यांनी मांडला. मते पडली 48-48. पुन्हा नावे पुकारली, पुन्हा तेच. दोन्ही वेळा हॅरी वॉकर यांच्याच बाजूने होता. (बँक्स टर्नर हे आमदार ऐनवेळी प्रस्तावाविरुद्ध गेले म्हणून बरोबरी तरी झाली, त्यांचे नाव कुणी काढत नाही.) बरोबरीमुळे वॉकर यांचा प्रस्ताव पडला. मग मंजुरीचा मूळ ठराव मताला आला आणि हॅरी ‘होय’ म्हणाला. ठराव 49-47 ने मंजूर झाला.

त्याच्या खिशात आईचे पत्र होते. फेब बर्न नायोटा गावात शेती सांभाळत होत्या. नवरा रेल्वेत स्टेशनमास्तर होता, तो 1916 मध्ये वारला. बाई कॉलेजात शिकलेल्या, रोज पेपर वाचणाऱ्या. पेन्सिलीने लिहिलेल्या सात पानांत बहुतेक घरच्याच गोष्टी आहेत. मध्येच त्या लिहितात, मताधिकाराला मत दे, लोकांना ताटकळत ठेवू नकोस. कँडलर या सिनेटरचे विरोधातले भाषण फार कडवट होते, हेही त्यांनी टिपले आहे. आणि पुढे, तू कुठल्या बाजूला आहेस ते पेपरात शोधते आहे, अजून काहीच दिसले नाही. मला हे वाक्य सगळ्यांत मोलाचे वाटते. जिला स्वतःला पूर्ण मताधिकार नाही अशी एक नागरिक आपल्या प्रतिनिधीला जाब विचारते आहे.

मतदानानंतर हॅरीवर लाच घेतल्याचा आरोप झाला. त्याने आपली कारणे लेखी देऊन सभागृहाच्या इतिवृत्तात नोंदवून घेतली. पूर्ण मताधिकार हा स्त्रियांचा हक्क आहे असे मी मानतो, हे त्यात आहे. आईचा सल्ला मुलाला नेहमी हिताचाच असतो, हे आहे. 1 कोटी 70 लाख स्त्रियांना राजकीय गुलामीतून सोडवण्याची संधी क्वचितच कुणाच्या वाट्याला येते, हेही आहे. शिवाय हे श्रेय आपल्या रिपब्लिकन पक्षाला मिळावे अशी इच्छा होती, तेही त्याने लपवले नाही. इतक्या कारणांतले एकच आपण उचलतो.

इकडे लुइझियाना राज्याच्या माजी गव्हर्नरांची पत्नी नायोटाला जाऊन थडकली आणि ते पत्र खोटे आहे असे सांगा म्हणून फेबबाईंच्या मागे लागली. त्या बधल्या नाहीत. नोव्हेंबरच्या निवडणुकीत हॅरी थोडक्यात वाचला. पुढे वकिली केली, बँकेचा अध्यक्ष झाला, राज्याच्या सिनेटमध्ये बसला. 1977 मध्ये तो वारला.

एक गोष्ट आपल्या मजकुरात मुळीच नाही. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना मतदान-कर आणि साक्षरतेच्या चाचण्यांनी पुढेही रोखून धरले. 1965 चा मताधिकार कायदा येईपर्यंत त्यांतल्या बहुतेकींना 1920 च्या दुरुस्तीचा उपयोग झाला नाही. ‘स्त्रियांना मत मिळाले’ असे लिहिताना हे वगळू नये.

मुंबई इलाख्यातही 1921 मध्ये स्त्रियांच्या मताचा निर्णय पुरुष सदस्यांच्या कायदे कौन्सिलनेच घेतला आणि त्यासाठीच्या चळवळीत रमाबाई रानडे पुढे होत्या. त्या वेळी कौन्सिलात कोण काय बोलले, हे आमच्या विद्यार्थिनींना ठाऊक नाही. हॅरीचे ते निवेदन आणि मुंबई कौन्सिलातील भाषणे आपल्या पुरवणीत शेजारी शेजारी, काटछाट न करता छापावीत, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त नागरिकशास्त्र शिक्षिका, सातारा