इन्चार्ज सिस्टरनं एमबीए करावं का?

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुनंदा,

"ते लीडरशिपचं एमबीए करून खरंच काही येतं का गं, की नुसतं सर्टिफिकेट?" असं तू विचारलंस आणि पुढे तीन हसरे चेहरे टाकलेस. फोनवर हे नीट सांगता येणार नाही. तुझी नाइट आणि माझी सेकंड शिफ्ट कधी जुळतच नाही. म्हणून पत्रच लिहिते.

आधी कटकट सांगून टाकते. आमच्या एक्झिक्युटिव्ह एमबीएला 'लीडरशिप' नावाचा जो पेपर आहे, तो सगळ्यात पोचट आहे. प्रश्नावली भरायची, मग आपण चार रंगांपैकी कुठल्या रंगाचे नेते ते कळतं. मी निळी निघाले. शेजारी बसणारा बँकेतला गडी कंटाळून दुसऱ्यांदा भरायला बसला, तर वेगळाच रंग निघाला. मग थोर उद्योगपतींची चरित्रं, 'व्हिजन' शब्द दर पानावर, आणि मानसशास्त्रज्ञ मास्लोचा माणसाच्या गरजांचा त्रिकोण. गंमत म्हणजे मास्लोनं १९४३ साली गरजांची उतरंड मांडली त्या लेखात त्रिकोण नाहीच, तो पुढे इतरांनी काढला. पण आमच्या परीक्षेत त्रिकोण काढला नाही तर मार्क जातात! ग्रुप प्रोजेक्टचं तर विचारूच नकोस. पाच जणांची नावं, दोघींचं काम, आणि प्रेझेंटेशनच्या दिवशी टाय बांधून उभा राहतो तो तिसराच.

आता ज्यासाठी हे करावं असं मला वाटतं ते सांगते. माणसांना पुढे कसं न्यावं हे तिथे कुणी शिकवत नाही, आणि वर्गात बसून ते येतही नसावं. पण दहा माणसं एकत्र काम करतात तेव्हा नक्की काय चालतं, हे मात्र तिथे दिसायला लागतं. ते विषय बाहेरून नीरस वाटतात. ऑर्गनायझेशनल बिहेवियर, वर्क डिझाइन, डिसिजन मेकिंग. माझे रविवार सार्थकी लागले ते त्यांच्यामुळे.

तुझ्या कामाचंच उदाहरण घे. एमी एडमंडसन नावाची हार्वर्डची संशोधक १९९० च्या दशकात दोन रुग्णालयांतल्या वॉर्डांचा अभ्यास करत होती. औषध देताना होणाऱ्या चुका आणि टीम किती चांगली आहे, याचा संबंध तिला पाहायचा होता. चांगल्या टीममध्ये चुका कमी, हे कुणीही सांगेल. आकडे आले ते उलटे! ज्या वॉर्डात सिस्टरांचं आपसात जमतं आणि इन्चार्जवर विश्वास आहे, तिथेच चुकांची नोंद जास्त. मग हे आकडे ज्याला ठाऊक नव्हते असा एक जण वॉर्डांत जाऊन बसला, लोकांशी बोलला, आणि उलगडा झाला. त्या वॉर्डांत चुका जास्त होत नसाव्यात, पण त्या बोलल्या जात होत्या. जिथे इन्चार्ज सगळ्यांसमोर फाडून खाते, तिथे रजिस्टर स्वच्छ राहतं. चूक न घाबरता बोलून दाखवता येणं, यालाच १९९९ च्या निबंधात तिनं टीममधली 'सायकॉलॉजिकल सेफ्टी' म्हटलं. आता कंपन्यांच्या एचआरवाल्यांनी त्या शब्दाचा चोथा केलाय, पण मूळ गोष्ट पक्की आहे. तुझ्या आधीच्या इन्चार्जबाईंचं ते कोरं इन्सिडेंट रजिस्टर आठवतंय? बाहेरच्या तपासणीवाल्यांनी त्यांचं कौतुक केलं होतं म्हणे.

दुसरा तास कायमचा लक्षात राहिला तो अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाच्या अपघाताचा. २८ जानेवारी १९८६. आदल्या रात्री फोनवर बैठक. यानाला वर ढकलणारे रॉकेट, म्हणजे बूस्टर, बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीचे इंजिनिअर, त्यांत रॉजर बोझोले, सांगत होते की एवढ्या थंडीत उडवू नका, सांध्यातली रबरी रिंग कडक होते. पण त्यांनी पुढे केलेल्या तक्त्यांत होती ती फक्त रिंग खराब झालेली उड्डाणं. तेवढ्यावरून पाहिलं तर थंडीतही बिघाड आणि उबेतही बिघाड, मग थंडीचा दोष कसा सिद्ध होणार? जी उड्डाणं निर्धोक झाली तीही त्याच कागदावर मांडली असती तर लख्ख दिसलं असतं. ६६ अंश फॅरनहाइटच्या खाली झालेली चारही उड्डाणं रिंगला इजा करून गेली होती. ६६ किंवा त्याहून वरच्या वीसांत इजा फक्त तीनदा. आणि त्या सकाळी पारा चाळिशीच्याही खाली होता. शेवटी कंपनीतल्या वरिष्ठानं इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला म्हटलं की इंजिनिअरची टोपी काढ आणि मॅनेजरची घाल. त्यानं घातली. सात माणसं गेली.

सरांनी आधी हे सगळं वेगळ्या वेषात दिलं होतं. मोटर रेसिंगची एक टीम, इंजिनचं गॅस्केट (सांधा घट्ट बंद ठेवणारी पट्टी), थंड सकाळ, शर्यत धावायची की नाही. वर्गातले बहुतेक जण 'धावू' म्हणाले. न बिघडलेल्या शर्यतींचे आकडे मागायचं कुणालाच सुचलं नाही. मग पडद्यावर चॅलेंजर आलं आणि वर्गात कुणी हललं नाही. असा एक तास मिळाला की फीचं दुःख जरा कमी होतं.

आता माझी सगळ्यात लाडकी केस. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचा ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादला साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये आला. मिलनं नवे स्वयंचलित माग बसवले होते, तरी उत्पादन जुन्याहून सरस होईना. शेडमध्ये २२४ माग, २९ माणसं आणि कामं बारा प्रकारची. प्रत्येकाकडच्या मागांची संख्या निराळी. विणकराकडे २४ किंवा ३२, बॅटरी (म्हणजे मागावरचा बाण्याच्या बॉबिनचा साठा) भरणाऱ्याकडे त्याहून जास्त, तुटलेले धागे सांधणाऱ्याकडे आणखी जास्त. म्हणजे एका विणकराच्या वाट्याला पाऊण माणूस हा, अर्धा माणूस तो. कुणीच पूर्ण कुणाचा नाही. तुमच्याकडे एक मामा आणि एक मावशी तीन वॉर्डांत वाटलेले असतात ना, आणि ज्या क्षणी ट्रॉली हवी त्याच क्षणी मामा क्ष-किरणला गेलेला असतो, अगदी तेच.

राइसनं सुचवलं की ठरावीक मागांमागे एक छोटा गट असू द्या आणि त्या मागांचं सगळं काम त्याच गटाचं. मला आवडतो तो पुढचा भाग. कामगार आणि सुपरवायझर यांनी ही कल्पना उचलली आणि आपसात बोलून कोण कुणाच्या गटात हे स्वतःच ठरवून टाकलं, तेही व्यवस्थापन किंवा राइस यांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी लवकर. उत्पादन वाढलं, खराब कापड कमी झालं. पण आमच्या सरांनी गोष्ट तिथे सोडली नाही, याबद्दल त्यांना मानलं. १९७० मध्ये त्याच संस्थेच्या एरिक मिलरनं तिथे जाऊन पाहिलं, तेव्हा एका ठिकाणी ती पद्धत जवळपास तशीच टिकून होती, बाकीच्या शेडमध्ये हळूहळू जुन्या वळणावर गेलेली. यशाची गोष्ट सांगणारे सतरा भेटतात, सोळा-सतरा वर्षांनी परत जाऊन बघणारा एखादाच.

हे वाचल्यापासून मी आमची असेंब्ली लाइन वेगळ्या नजरेनं बघते. जेवणाच्या सुट्टीनंतर मुली गुपचूप जागा बदलतात. टॉर्क गनवाली (स्क्रू आवळायचं यंत्र चालवणारी) लेबल लावायला बसते, लेबलवाली गन घेते. सकाळपासून दुखणाऱ्या मनगटाची ही सोय, पण एसओपीत, म्हणजे कामाच्या लेखी नियमांत, कुठे लिहिलेली नाही. ऑडिटर आला की सगळ्या आपापल्या ठरलेल्या जागी शहाण्यासारख्या. पूर्वी मला हे दिसतच नव्हतं. आता त्या दोघींना दोन्ही कामांचं ट्रेनिंग झाल्याची नोंद मी करून ठेवलीय, म्हणजे बदललं तरी कुणी बोलणार नाही.

लीडरशिपच्या पेपरात एकच माणूस मनात बसला, आणि तोही एका जोडलेल्या परिच्छेदात. रवी मथाई, आयआयएम अहमदाबादचे पहिले पूर्णवेळ संचालक, १९६५ पासून. संस्था नावारूपाला येत असताना १९७२ मध्ये त्यांनी स्वतःहून खुर्ची सोडली आणि त्याच संस्थेत साधे प्राध्यापक म्हणून राहिले. पुढे राजस्थानात जवाजाला विणकर आणि चामड्याचं काम करणाऱ्यांबरोबर राबले. खुर्ची सोडून त्याच इमारतीत दुसऱ्याच्या हाताखाली बसायचं! आपल्याकडे निवृत्त हेडमास्तरसुद्धा शाळेचं गेट सोडत नाहीत.

तर तुझ्यासाठी माझं मत: कर, पण डोळे उघडे ठेवून. माहितीपत्रकावरचे फोटो बघू नकोस, दुसऱ्या वर्षाचा सिलॅबस माग. हॉस्पिटलच्या केसेस किती आहेत ते बघ. वर्गात नोकरी करणारे किती, हेही विचार, कारण निम्मं शिक्षण शेजारच्या बाकावरून मिळतं. ऑनलाइन स्वस्त पडतं, पण तो गॅस्केटचा तास स्क्रीनवर कॅमेरे बंद करून बसलेल्या चाळीस जणांत झाला असता तर काडीचा उपयोग नव्हता. परीक्षा फी वेगळी आहे का ते लिहून घे, आम्हाला नंतर सांगितली. आणि नाइट ड्यूटीचं आधी मेट्रनशी बोल, शनिवार-रविवार सुट्टी मिळणार नसेल तर यंदा नकोच.

माझ्या अहमदाबाद केसच्या नोट्स पाठवते, अक्षर लावून घे. काकूंना नमस्कार. भाऊजींना म्हणावं, फीचा आकडा ऐकून लगेच 'नको' म्हणू नका, आधी हे पत्र वाचा.

तुझी,
मंजू