नौसैनिकाची पदके डिस्चार्जच्या (सेवामुक्तीच्या) दिवशीच हातात द्या : संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय संरक्षणमंत्री,

सादर नमस्कार.

१९९२ साली भरती होऊन २०२४ मध्ये मास्टर चीफ या वरिष्ठ हुद्द्यावरून निवृत्त झालेला नौसैनिक घ्या. शौर्याचा प्रसंग किंवा एखादी मोहीम त्याच्या वाट्याला आलीच नाही असे धरले, तरी पाच पदके त्याच्या हक्काची होतात : दीर्घ सेवेची ९, २० आणि ३० वर्षांची तीन, स्वातंत्र्याच्या पन्नाशीचे १९९७ चे आणि पंचाहत्तरीचे २०२२ चे. ही सगळी सेवेच्या तारखांवर ठरतात. तरीही अनेकांच्या छातीवर वर्षानुवर्षे नुसती रिबन असते, पदक नसते. समारंभापुरती बाजारातून नक्कल आणावी लागते. तिचा रंग आणि आकार जुळतो, कड मात्र कोरी असते. अस्सल पदकाच्या कडेवर सेवा क्रमांक आणि नाव असते. पदक कोणाचे, ते घरच्यांना पुढे तिथूनच कळते.

घोडे अडते नोंदीत. नौसैनिकाची दर काही वर्षांनी बदली होते, आज जहाज तर उद्या तळ. हक्क तयार झाला की जेनफॉर्म, म्हणजे ती गोष्ट सेवानोंदीत चढवणारा युनिटचा कागद, निघायला हवा. नेमकी तेव्हाच बदली झाली, तर जुने युनिट म्हणते नवे काढेल, नवे म्हणते जुन्याने काढला असेल. नौसैनिकांच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे नोंद पोचतच नाही.

मोहिमेच्या पदकांत गुंता आणखी वाढतो. १९७१ च्या युद्धाची पूर्वी स्टार आणि पश्चिमी स्टार ही पदके माणूस कोणत्या क्षेत्रात होता यावर ठरली. त्याच युद्धाच्या संग्राम मेडलची व्याप्ती त्याहून मोठी. म्हणजे जहाज त्या पाण्यात कधी होते आणि माणूस त्या जहाजावर कधीपासून कधीपर्यंत होता, हे दोन्ही कागद जुळले पाहिजेत. १५ वर्षांनंतरचे लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट मेडल पुन्हा वेगळेच : तिथे वर्तणुकीचा शेरा बघतात. ९ वर्षांच्या पदकाशी त्याची गल्लत कार्यालयातसुद्धा होते, हे नवलच.

यावर उपाय फारसा खर्चिक नाही. निवृत्तीच्या सहा महिने आधी प्रत्येकाला त्याच्या नोंदीतल्या पदकांची छापील यादी द्या. त्याने ती आपल्या सर्व्हिस रेकॉर्डशी ताडून सही करावी. काही राहिले असेल तर जेनफॉर्म तेव्हाच निघावा, कारण तेव्हा युनिट, कारकून आणि कागद एकाच ठिकाणी असतात. घरी गेल्यावर तेच काम टपालाने करायचे म्हणजे वर्ष सहज जाते. पदके नाव कोरूनच डिस्चार्जच्या कागदांबरोबर मिळावीत.

जे आधीच निवृत्त झाले, त्यांची पदके जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पाठवा. दिवंगत नौसैनिकाच्या पत्नीकडे पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि ओळखपत्र असेल तर तेवढ्यावर द्या. तिच्याकडून वेगळे प्रतिज्ञापत्र मागू नका.

आपले,
काही निवृत्त नौसैनिक