सातारा–वडूज गाडीच्या कंडक्टर ताईंना

ताई, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पुसेगावच्या स्टँडवर आमच्या आण्णांना माझ्या ताब्यात दिलंत आणि डबल बेल मारून निघून गेलात. तेव्हा मला धड बोलता येत नव्हतं, म्हणून आता लिहितोय.

फोन केलात, माणूस थांबवून ठेवलात, त्याचे आभार आहेतच. पण माझ्या मनातून जात नाही ते तिकीट.

आण्णा ७८ वर्षांचे. विसरभोळेपणाच्या कधीच पुढं गेलंय सगळं. कोरेगावातून साताऱ्याला कसे पोचले देव जाणे. दाढीचे खुंट, मळकं धोतर, एकाच पायात चप्पल. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेत बैलं बघायचीत, गाडीभाड्याला पैसे द्या, म्हणून दिसेल त्याच्यापुढं हात करत होते. यात्रा मार्गशीर्षात, आणि हे भर वैशाखात! एका वडापवाल्यानं, म्हणजे शेअर जीपवाल्यानं, दंडाला धरून खाली उतरवलं. मग तुमच्या गाडीत चढले, तर अर्धी गाडी खिडकीबाहेर बघायला लागली. एक गृहस्थ म्हणाले, 'ओ, याला उतरवा आधी, वास मारतोय.' हे तुम्ही नाही सांगितलंत, मागच्या सीटवरच्या कॉलेजच्या पोरानं सांगितलं.

तुम्ही विचारलंत, 'बाबा, कुठं जायचंय?' आईनं बंडीच्या खिशाला पिनेनं अडकवलेलं आधार कार्ड आणि माझा नंबर बघितलात. ७५च्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून एसटी फुकट, त्यामुळे तिकीट शून्य रुपयांचं. कुणी त्याची एवढी फिकीर केली नसती. तुम्ही ते मशीनमधून काढलंत, त्यांच्या पसरलेल्या हातात ठेवलंत आणि वर बजावलंत, 'जपून ठेवा हां, चेकर आला तर दाखवायचं.' मग त्या गृहस्थांना म्हणालात, 'पॅसेंजर आहेत ते. सरकून बसा.'

वडापवाला नंतर भेटला. बिचारा ओशाळला होता. 'सॉरी दादा, भिकारी वाटले ओ आम्हाला.' पावणेरावळेही तेच म्हणतात, चांगल्या घरचा माणूस, काय वेळ आली बघा! म्हणजे हळहळ सगळी चांगल्या घरासाठी. खरंच मागून खाणारा म्हातारा असता, तर दंडाला धरून ओढलेलं चाललं असतं काय? मी तरी कोण मोठा लागून गेलोय. रेल्वेच्या डब्यात हात पुढं आला की मोबाईलमध्ये डोकं घालणाऱ्यांतलाच मी.

एका शहाण्यानं मला कायदाही ऐकवला, 'गाडीत भीक मागणं गुन्हा आहे.' आहे ना. १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा, तेव्हा मुंबईच्या नावाचा. कमाईचं साधन दिसत नाही, सार्वजनिक जागी भटकतोय आणि मागून जगत असावा असं वाटतं, एवढ्यावर त्यात माणूस भिकारी ठरतो. पहिल्या खेपेलाच एक ते तीन वर्षं डांबायची सोय आहे. दिल्लीच्या उच्च न्यायालयानं २०१८ साली त्यातली बरीच कलमं तिथल्यापुरती रद्द केली. आपल्याकडं कायदा आहेच, आणि त्या दिवशी आमचे आण्णा त्यात तंतोतंत बसत होते. ज्यांनी एका नजरेत त्यांना त्यात बसवून टाकलं, त्यांत तेवढ्या तुम्ही नव्हता.

स्टँडवर मी गडबडीत म्हणालो होतो, 'ताई, आमचे आण्णा भिकारी न्हाईत ओ.' तुम्ही ट्रे काखेत मारत म्हणालात, 'असते तरी तिकीट काढलंच असतं की.'

ते वाक्य मी घरी सगळ्यांना सांगितलं. आईनं तुमच्यासाठी वाघ्या घेवडा काढून ठेवलाय, घरच्या रानातला. तुमची ड्युटी कधी असते तेवढं स्टँडवर विचारून ठेवतो आणि गाडी कोरेगावला थांबली की आणून देतो. नको म्हणू नका, लगेजचं तिकीट काढायचं असलं तर काढा.