साखर तपासली, पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ नोव्हेंबरच्या मधुमेह दिनानिमित्त आपल्या अंकात आलेला लेख वाचला. गरीब देशांतले लोक बेफिकीर असतात, पथ्य पाळत नाहीत, गोळ्या मध्येच सोडतात, म्हणून त्यांची साखर आटोक्यात राहत नाही, असा त्याचा एकंदर सूर होता. मी तीस वर्षे लॅबमध्ये रक्त काढण्याचे काम केले. सगळे खापर पेशंटच्या डोक्यावर फोडलेले पाहून राहवले नाही, म्हणून हे पत्र.

सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचे, मग खाऊन बरोबर दोन तासांनी पुन्हा द्यायचे. रिपोर्ट संध्याकाळी, डॉक्टर दुसऱ्या दिवशी. ‘दोन तासांनी या’ असे सांगितलेले कितीतरी लोक परत यायचेच नाहीत. त्यांच्या नावाची चिठ्ठी लावलेली दुसरी नळी दिवसभर स्टँडमध्ये रिकामी उभी असायची. सुरुवातीला माझीही चिडचिड व्हायची. एकदा निघालेल्या एका बाईंना दारातच अडवले, तर म्हणाल्या, “इथे बसले की आजचा रोज बुडाला. उद्या डॉक्टरांपायी आणखी एक. साखर कळेल हो, पण चूल कशी पेटेल?” त्यानंतर मी कोणावर चिडलो नाही. एचबीए१सी ही चाचणी उपाशी न राहता कधीही करता येते आणि गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. एक हेलपाटा वाचतो. पण ती महाग. ज्यांना हेलपाटा परवडत नाही, त्यांच्या दवाखान्यात ती बहुधा नसतेच.

कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या २८ देशांतल्या सुमारे साडेआठ लाख लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेह असलेल्या दर १०० जणांपैकी फक्त २३ जणांचा आजार आटोक्यात होता. उरलेले ७७ वाटेत कुठे ना कुठे गळाले. कोणाची कधी तपासणीच झाली नव्हती, कोणाची झाली पण ‘तुम्हाला मधुमेह आहे’ हे कळले नव्हते. कोणाला कळूनही औषध सुरू नव्हते, तर कोणी औषध घेत असूनही साखर चढलेलीच. वय, शिक्षण आणि वजन जास्त असलेल्यांना सेवा मिळण्याची शक्यता अधिक होती. म्हणजे सडपातळ, कमी शिकलेला, चाळिशीच्या आतला मजूर असेल, तर त्याची साखर तपासावी हे कोणाच्या मनातही येत नाही. यात त्याची बेफिकिरी कुठे आली?

दोन वर्षांनी, २०२१ मध्ये, ५५ देशांचा असाच अभ्यास आला. साखर कमी करणाऱ्या गोळ्या गरजूंपैकी निम्म्यांना तरी मिळत होत्या. कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, मात्र शंभरात सहा जणांनाच. मधुमेह्यांचे सर्वाधिक बळी हृदयविकार घेतो, आणि स्टॅटिन हे जुने, पेटंट संपलेले, स्वस्त औषध आहे. तरीही हा आकडा. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, आहार-व्यायामाचा सल्ला असे सगळे ज्यांना मिळाले, ते शंभरात पाचही भरले नाहीत. बूट-मोजे काढायला लावून तळपायाला जखम नाही ना, ते बघणे याला तर पैसाही लागत नाही. पण बाहेर रांग लागलेली असताना ते करणार कोण?

घरच्या घरी साखर मोजण्याचीही एक गंमत आहे, गंमत कसली म्हणा. मशीन कोणीतरी फुकट देऊन जाते, पण पट्ट्या त्याच मॉडेलच्या लागतात आणि एक पट्टी एकदाच चालते. डबी संपली की मशीन कपाटात. गोळ्यांचेही तेच. महिन्याच्या गोळ्या माणसे पुरवून पुरवून दोन महिने खातात, आणि केसपेपरवर नोंद होते ‘औषधे अनियमित’.

गरीब पेशंटही उपचारात टिकून राहू शकतात, हे आफ्रिकेतल्या अनेक देशांनी एचआयव्हीच्या बाबतीत करून दाखवले आहे. २००३ नंतर बाहेरून मोठा निधी आला, गोळ्या मोफत झाल्या आणि दवाखान्यात प्रत्येकाच्या नावाची नोंद राहू लागली. ठरल्या तारखेला पेशंट आला नाही तर विचारपूस करायला माणूस घरी जाऊ लागला. तीही जन्माची औषधे आणि तीही गरीब माणसे. लाखो लोक टिकून राहिले. त्याच दवाखान्यात शेजारच्या बाकावर बसलेल्या मधुमेह्याला मात्र अनेकदा औषध स्वतःच्या खिशातून घ्यावे लागते, आणि तो नाही आला तर कोणाला पत्ताही लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी २०२२ मध्ये उद्दिष्ट ठरवले आहे: २०३० पर्यंत ८० टक्के मधुमेह्यांचे निदान व्हावे आणि निदान झालेल्यांपैकी ८० टक्क्यांची साखर आटोक्यात असावी. यातला पहिला आकडा शिबिरांनी एक वेळ गाठता येईल. दुसऱ्यासाठी तोच माणूस वर्षानुवर्षे परत यावा लागतो.

आपल्याकडे एकच विनंती. पुढच्या नोव्हेंबरात ‘इतक्या जणांची मोफत तपासणी’ अशी बातमी फोटोसह आली, तर आपल्या वार्ताहराने आयोजकांना एवढे विचारावे, की गेल्या वर्षीच्या शिबिरात साखर वाढलेली आढळलेल्यांपैकी आज किती जण उपचार घेत आहेत. उत्तर मिळाले नाही, तर तेही छापावे.

आपला,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन