बॉनेट नंतर, आधी डिकी उघडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सेकंड हँड गाडी घेताना काय पाहावं, हा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. इंजिनाचा आवाज, टायर, सर्व्हिसचा इतिहास, अपघाताच्या खुणा, सगळं बरोबर आहे. पण शेवटी एका ओळीत ‘महागड्या स्टेशन वॅगनलाही हेच लागू’ असं म्हटलंय (वॅगन म्हणजे सेडानचंच छप्पर डिकीच्या टोकापर्यंत नेलेली लांब गाडी), तिथे मी अडखळले. लागू आहे, पण पुरेसं नाही. हे मी भोगून सांगते आहे.

मी हिशेबतपासनीस आहे. दुसऱ्यांच्या वह्यांमधली खाडाखोड शोधण्यावर माझं पोट चालतं. तरी पहिली वॅगन घेताना मी पुरती फसले. गाडी हवी होती ती आईच्या व्हीलचेअरसाठी. एसयूव्हीच्या डिकीत खुर्ची चढवायला फार वर उचलावी लागते, सेडानच्या डिकीत ती जातच नाही. वॅगनमध्ये मात्र गुडघ्याच्या थोडं वर उचलली की आत सरकते. गाडी देखणी होती, एकाच मालकाची, कागद चोख. बॉनेटखाली मेकॅनिकने तासभर डोकं घातलं. मागे आम्ही फक्त खुर्ची बसते का पाहिलं आणि डिकी लावून टाकली. तिसऱ्या आठवड्यात सकाळी बाहेर आले तर गाडी मागून बसलेली. कुत्रं बसतं तशी, पुढचे पाय उभे आणि मागचे दुमडलेले.

वॅगनच्या मागे ओझं पडणार, हे धरूनच ती बनवलेली असते. म्हणून मर्सिडीजच्या ई-क्लास इस्टेट किंवा बीएमडब्ल्यूच्या 5 सीरिज टूरिंगच्या गेल्या काही पिढ्यांत मागच्या चाकांना लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेचे रबरी स्प्रिंग आहेत. सामान भरलं की कॉम्प्रेसर हवा भरतो आणि मागची बाजू पुन्हा पातळीत येते. (मर्सिडीजच्या 1980 च्या दशकातल्या वॅगनमध्ये हेच काम तेल आणि नायट्रोजन भरलेले गोळे करत. ते गेले की गाडी मागून बैलगाडीसारखी आदळते.) गाडी चालताना रबर एकाच घडीवर सतत दुमडतं, घडीत धूळ आणि खडे अडकतात आणि चीर पडते. ती असते घडीच्या पोटात. गाडी जॅकवर घेऊन चाक लोंबकळलं की दिसते, एरवी नाही. आणि चाचणीच्या फेरीत काहीच कळत नाही, कारण गळेल तेवढी हवा कॉम्प्रेसर भरत राहतो. असा भरता भरता एक दिवस तो स्वतःच जळतो. माझ्याकडे दोन्ही झालं.

त्यामुळे दुसरी गाडी शोधताना पर्समध्ये शिंप्याची टेप होती. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत, डावीकडे आणि उजवीकडे, संध्याकाळी मोजायचं आणि सकाळी पुन्हा मोजायचं. काही गाड्या नुसतं दार उघडलं तरी जाग्या होऊन हवा भरायला लागतात, म्हणून सकाळी दाराला हात लावायच्या आधी मोजायचं. थोडाफार फरक चालतो. एक कोपरा दोन बोटं उतरला असेल तर ती गाडी सोडा. एका विक्रेत्याने विचारलं, ‘‘रात्रभर गाडी ठेवून काय करणार? विश्वास नाही का?’’ मी म्हटलं, आहे ना, टेपवर आहे.

मग पाणी. काचेचं मोठं छत असलेली वॅगन असेल तर छताच्या खाचेत पडलेलं पावसाचं पाणी कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांतून खाली उतरतं. नळी पानांच्या चुऱ्याने तुंबली की पाणी आतल्या अस्तरामागून वाट काढतं आणि वॅगनच्या सर्वांत खोल जागी, म्हणजे स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं. बऱ्याच महागड्या गाड्यांमध्ये बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्सचे डबेही तिथेच किंवा शेजारच्या कप्प्यात असतात. मी पाहिलेल्या तिसऱ्या गाडीत कार्पेट कोरडं खडखडीत होतं, अत्तराचा वास येत होता. कार्पेटखालच्या फोमवर टिश्यू पेपर ठेवून हाताचा पंजा दाबला. कागद उचलला तर पाच बोटांचा ओला ठसा. बाजूच्या कप्प्याचं झाकण काढलं, तर एका कनेक्टरच्या पिनांवर तांब्याच्या जुन्या भांड्यावर धरतो तसा हिरवा कळंक. मालक म्हणाला, परवाच धुतली. धुतलेली गाडी दोन दिवसांत हिरवी पडत नाही.

आता नळ्या तपासायच्या तर छत उघडून खाचेत ग्लासभर पाणी हळूहळू ओतायचं आणि ते चाकांजवळ जमिनीवर ठिबकतं का पाहायचं. मालकाला विचारून हं, नाहीतर भांडण. मागच्या काचेच्या वॉशरचं बटणही दाबा. त्याची नळी छताच्या आतून मागे जाते. काचेवर पाणी आलं नाही, तर ते कुठे जातंय हा प्रश्न उरतो.

डिकीच्या दाराकडे जाणाऱ्या वायरी बिजागरीजवळ एका रबरी नळीतून वाकून जातात. दार दर वेळी उघडताना त्या वाकतात आणि वर्षानुवर्षांनी आतलं तांबं तुटतं. नंबरप्लेटचा दिवा, वायपर, कुलूप, कॅमेरा यांपैकी काहीतरी लहर लागली की चालतं, नाहीतर नाही. तपासणी सोपी आहे: दिवे लावा, दार सावकाश वर-खाली करा आणि दिवा डोळे मिचकावतो का पाहा.

बाकीचं थोडक्यात. ट्रेलर ओढायचा हूक असेल, किंवा काढून टाकल्याची भोकं दिसली, तर गिअरबॉक्सने किती ओझं ओढलंय हे विचारा. त्यातलं तेल ‘आयुष्यभर बदलायला नको’ असं सांगणाऱ्यांवर जाऊ नका. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतःच 80,000 ते 1,20,000 किलोमीटरच्या दरम्यान ते बदला म्हणते. चारही चाकं ओढणारी गाडी असेल तर चारही टायर एकाच मेकचे आणि सारखे झिजलेले हवेत. बीएमडब्ल्यूच्या 2007 पासूनच्या एन47 डिझेल इंजिनात टायमिंग चेन (आतल्या भागांचा ताल जुळवणारी साखळी) गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणून ती बदलणं मोठं काम. इंजिन थंड असताना स्वतः सुरू करा आणि साखळीची खडखड येते का ऐका. बॉनेटला आधी हात लावून पाहा. कोमट लागलं तर तुमच्या आधी कोणीतरी ती गाडी तापवून ठेवली आहे. 2002 मध्ये आलेल्या ई-क्लासच्या इलेक्ट्रॉनिक ब्रेकचीही चौकशी करा. 2004 मध्ये त्यापायी सुमारे 6,80,000 गाड्या परत बोलावल्या होत्या आणि 2006 च्या नव्या रूपात ती व्यवस्था काढून टाकली. त्याचा पंप ब्रेक किती वेळा दाबला याची मोजदाद ठेवतो आणि आकडा भरला की बदलायला सांगतो. माझ्या धंद्यातल्या माणसाला असा पंप आवडायलाच हवा.

एक गोष्ट मात्र खास माझ्या विषयातली. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या बिघाडांच्या नोंदी वाचणारं यंत्र) लावल्यावर ‘एकही फॉल्ट नाही’ दिसलं की लोक खूश होतात. मी नाही होत. त्याच स्कॅनरवर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या पूर्ण झाल्या आहेत की नाही, हे दिसतं. बऱ्याच अपूर्ण दिसल्या, तर फॉल्ट नुकतेच पुसले असण्याची शक्यता मोठी, फार तर बॅटरी काढली असेल. तपासणीच्या आदल्या रात्री नव्याने लिहिलेल्या वह्या मी खूप पाहिल्यात, त्या नेहमीच स्वच्छ असतात.

सातवी गाडी घेतली. तिच्या सीट चुरगळलेल्या आहेत, डिकीच्या उंबऱ्याला ओरखडे आहेत आणि मालकाने एअर स्प्रिंग बदलल्याची पावती न मागता दाखवली. टेप आता गाडीतच असते. दर पहिल्या रविवारी मोजते. डावी बाजू उजवीपेक्षा तीन मिलिमीटर खाली आहे, गेले आठ महिने तेवढीच.

आपली,
एक वाचक