संज्या, कथिलाचं काय करू सांग

संज्या,

दिवाळीपासून एक ओळ टाकली नाही म्हणून शिव्या घातल्या असशील, घाल. बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठीक.

लिहायचं कारण कथील. घरी सांगायला गेलो तर आई म्हणते, कल्हईवाले आता कुठे राहिलेत! म्हणून तुलाच.

युरोपच्या कस्टमरनं सीएमआरटी, म्हणजे धातू कुठून आला ते सांगायचा फॉर्म मागितलाय, बोर्डावरचे जोड डाकायच्या सोल्डरमधलं कथील कुठल्या स्मेल्टरचं, म्हणजे खनिज वितळवणाऱ्या कुठल्या भट्टीचं, ते नावानिशी हवंय. सोल्डर देणाऱ्या काकांना फोन केला तर त्यांनी लेटरहेडवर 'आमचा माल कॉन्फ्लिक्ट फ्री आहे' एवढं टाइप करून खाली गोल शिक्का मारून पाठवलं, स्मेल्टरचं नाव एकही नाही. साहेब म्हणतात भर आणि पाठव, कोण बघतंय. माझा हात धजत नाही रे. चार खाणींचं खनिज एकदा भट्टीत एकत्र वितळलं की कुठलं कुठलं ते कुणाला कळणार, विचारायचं ते भट्टीच्या दारातच. आणि हा फॉर्म बंदुकांच्या जोरावर चालणाऱ्या खाणींचंच विचारतो, इंडोनेशियात बांका बेटाभोवती कथिलासाठी समुद्राचा तळ उपसतात, कोळ्यांचे मासे जातात, त्याचा कॉलमच नाही त्यात. पण निदान स्मेल्टर कळला तर तेही शोधता येईल ना?

2006 ला रोहसच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्समधल्या शिशावर बंदी आणणाऱ्या युरोपच्या नियमाच्या वेळी सोल्डरिंगच्या वेव्ह मशीनपाशी आपण कसले भांडलो होतो, शिंदे मध्ये पडले म्हणून वाचलो! तू ओरडत होतास, शिसं काढाल पण सोल्डरमधल्या 63 टक्के कथिलाचं 96.5 होणार, वितळायला 183 च्या जागी 217 डिग्री लागणार, एवढं कथील आणणार कुठून? शिसं जायलाच हवं होतं हे मी आजही म्हणतो, वितळलेल्या सोल्डरच्या पॉटवर उभी राहणारी पोरं आपलीच होती. पण तुझा तो प्रश्न आता माझ्या टेबलावर येऊन बसलाय.

सोल्डरच्या मोठ्या ब्रँडकडे गेलो तर स्मेल्टरची यादी एका मेलवर येईल. पण लॉकडाऊनमध्ये काकांनी उधारीवर माल दिला म्हणून लाइन चालली, त्यांना असं कसं सोडू? त्यांनाही वरचा कुणी काही सांगत नसणार. पॉटवरचा ड्रॉस, म्हणजे वितळलेल्या सोल्डरवर जमणारी मळी, भंगारवाला रोख देऊन नेतो, तो मात्र सोल्डर बनवणाऱ्यालाच परत द्यायचा असं मी साहेबांच्या गळी उतरवतोय, तेवढं कथील तरी खाणीतून नको यायला.

वहिनींची बदली झाली का? ओवीला दहावीसाठी शुभेच्छा.

तुमच्याकडे लहान सप्लायरकडून स्मेल्टरची नावं कशी काढली ते सविस्तर लिही, मेलचा नमुना असला तर तोही पाठव, मी मराठीत करून काकांसमोर बसून भरून घेतो. महिनाअखेरच्या आत पाठव रे, तोवर मी सही करत नाही.

तुझा,
मिल्या