चालतात का?

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, "आत्याला कुठं ठेवायची म्हटली तर सरकार काही देतं का रे?" तेव्हा नीट बोलता आलं नाही. मी मावशीला कुशीवर वळवत होतो, फोन खांद्यात धरला होता. आज ती लवकर झोपलीय, म्हणून सविस्तर लिहायला बसलोय.

सरकार देतं. पण कशाला देतं आणि कुठं हात आखडतं, हे मला या काही महिन्यांत कळलं.

श्रावणात ती न्हाणीत घसरली आणि खुबा मोडला. ऑपरेशनला आमचा एक पैसा गेला नाही. 70 आणि त्यापुढच्यांना वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचाराचं वय वंदना कार्ड मिळतं, ते मी आधीच काढून ठेवलं होतं. आत्याचं काढलं नसशील तर आधी ते काढ, पत्र मग वाच. उत्पन्नाची अट नाही, आधारवर होतं. पण आठव्या दिवशी घरी सोडलं आणि कार्डाचं काम तिथंच संपलं. ते दवाखान्यात दाखल असलेल्यासाठी आहे. घरी आणलेल्या म्हातारीला उठवायचं कुणी, संडासला न्यायचं कुणी, याचा खर्च त्यात कुठंच बसत नाही.

तिला श्रावणबाळ योजनेचे, म्हणजे राज्याच्या वृद्धांसाठीच्या पेन्शनचे, महिन्याला 1500 मिळतात. 2023 पर्यंत 1000 होते. त्याच्या अटी अशा: वय 65, राज्यात 15 वर्षं वास्तव्य, आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000 च्या आत. याला बाराने भागून बघ. महिन्याला 1,750 येतात. त्यावर शंभर रुपये जरी जास्त मिळत असले तरी त्या कागदावर माणूस गरीब राहत नाही. अंथरुणावरच्यांना घेणारी एक खाजगी जागा मी बघितली. तिथं महिना 16,000 सांगितले, डायपर आणि औषधं वेगळी. मावशीची वर्षभराची पेन्शन तिथं सव्वा महिनाही पुरायची नाही. वयोश्री योजनेचे 3000 तिला आधीच मिळाले होते, ते चष्म्यात आणि कमरेच्या पट्ट्यात गेले. ते एकदाच मिळतात.

मग अनुदानावर चालणाऱ्या, निराधारांना फुकट ठेवणाऱ्या दोन वृद्धाश्रमांत गेलो. दोन्हीकडे नाव विचारायच्या आधी विचारलं, "चालतात का?" नाही म्हटल्यावर रजिस्टर मिटलं. मला राग आला होता, पण दुसऱ्या ठिकाणी जरा वेळ बसलो आणि तो निवळला. स्वयंपाकघरातली बाई कणीक मळता मळता धावत आली, तशाच कणकेच्या हातांनी एका आजोबांना खाटेवरून उचलून खुर्चीत बसवलं आणि परत परातीपाशी गेली. अनुदानातून छप्पर होतं, दोन वेळचं जेवण होतं. उचलायला वेगळं माणूस ठेवायला मात्र पैसेच नव्हते. माझ्या मावशीला ती तरी किती वेळा उचलणार?

केंद्राची अटल वयो अभ्युदय योजना आहे. तिच्यात 25 निराधार वृद्धांच्या आश्रमांना अनुदान मिळतंच, पण कायम शुश्रूषा लागणाऱ्या किमान 20 वृद्धांसाठी वेगळं घर चालवायलाही मिळतं. म्हणजे ही गरज सरकारला ठाऊक आहे. मी विचारपूस केली तेवढ्या परिसरात मला असं एकही घर सापडलं नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम 19 आहे: दर जिल्ह्यात निदान एक, 150 निराधार वृद्ध राहतील असा आश्रम राज्य शासन स्थापन 'करू शकेल'. या 'करू शकेल'वर मी फार वेळ अडलो. तिथं 'करील' असतं तर आपल्याला ते हक्कानं मागता आलं असतं.

त्याच कायद्यातली एक गोष्ट मात्र आमच्या कामी आली, आणि तुझ्याही येईल. मूलबाळ नसलेल्या वृद्धाची मालमत्ता ज्या नातेवाइकाकडे आहे किंवा वारसानं जाणार आहे, त्यानं त्या वृद्धाला पोसलं पाहिजे. मावशीची खोली तिच्या पुतण्याला जाणार. प्रांतांकडच्या, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या, न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, वकील लागत नाही, नोटीस बजावल्यापासून साधारण 90 दिवसांत निकाल द्यायचा असतो आणि महिना 10,000 पर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. मावशी ऐकेना. "माझ्या पोरावर केस करतोस होय रे?" मग अर्ज न करता मीच त्याच्याकडे गेलो, कलम वाचून दाखवलं. बराच वेळ तो गप्प बसला. आता महिन्याला 5000 पाठवतो आणि रविवारी येऊन तिचे पाय चेपून जातो. सकाळच्या बाईंचे पैसे त्यातून सुटतात, रात्र माझ्याकडे.

आत्याचं घर कुणाला बक्षीसपत्रानं द्यायचं चाललं असेल तर घाई करू नका. सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. नाही सांभाळलं तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येतं, पण ती अट लिहिलेली असेल तर मागणं सोपं जातं. तिची पेन्शन सुरू असेल तर बँक खात्याला आधार जोडलंय का तेही बघ, नाहीतर पैसे अडकतात. आणि कुठं अडलं तर 14567 ला फोन कर. ज्येष्ठांसाठीचाच नंबर आहे, फुकट आहे, सकाळी 8 ते रात्री 8. तिथल्या मुलीनं मला प्रांत कार्यालयात कुणाला भेटायचं ते नीट सांगितलं होतं.

दिवाळीला येशील तेव्हा आत्याची कागदपत्रं घेऊन ये, बसून अर्ज लिहू.

काल संध्याकाळी मावशीनं वॉकर धरून पहिल्यांदा दारापर्यंत पावलं टाकली. मी मोजली, नऊ झाली. उंबऱ्यापाशी दम खात उभी राहिली आणि म्हणाली, "आता कुणी विचारलं तर चालते म्हणून सांग."

तुझा,
जुना बाकसोबती